दुसरी प्रत

मी एक अल्बम आहे. लग्नाचा, पण कुणाच्या घरातला नाही. माझी पहिली प्रत ज्यांचं लग्न होतं त्यांच्याकडे गेली. मी दुसरी. फोटोवाल्यांनी मला गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून ठेवून घेतलं, पाठीवर ‘नमुना’ अशी चिठ्ठी डकवली आणि टेबलावर मांडलं. तेव्हापासून लग्नाचे फोटो काढायला चांगला माणूस शोधत जे कोणी जिना चढून वर येतं, ते आधी मला चाळतं.

फोटोवाल्यांची जागा एका किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर आहे. दिवसभर खालून किल्ली घासल्याचा आवाज येत असतो. वर एकच खोली. एक लांब टेबल, भिंतीला टेकवलेले पांढरे पडदे, दिव्यांच्या छत्र्या आणि एक कोच. कोचाच्या डाव्या बाजूची स्प्रिंग वर आली आहे. फोटोवाले ती मुद्दाम दुरुस्त करत नाहीत. म्हणतात, "त्या बाजूला बसलेला माणूस निर्णय लवकर घेतो."

फोटोवाले उंच आहेत आणि थोडे पोक काढून चालतात. त्यांची एक खोड आहे. ते कुणाला ‘हसा’ म्हणत नाहीत. "हसा म्हटलं की माणूस दात दाखवतो. दात मला कशाला? डॉक्टरला दाखवा." त्याऐवजी ते भलतंच काहीतरी विचारतात. "बूट चावतोय का हो?" नाहीतर, "तुमच्या मागे उभे आहेत ते कोण?" माणूस गोंधळतो, खरं उत्तर द्यायला लागतो, आणि तेवढ्यात यांचं बटण दाबून झालेलं असतं.

माझ्यातल्या नवरीला मात्र काही विचारावं लागलं नाही. तिला पकडणंच अवघड होतं. "ही माझी खार आहे," तिच्या वडिलांनी आधीच बजावलं होतं, "एका फांदीवर ठरायची नाही. तुमचं तुम्ही बघून घ्या." ही गोष्ट फोटोवाले प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, म्हणून मला पाठ आहे. खरंच ती ठरली नाही. माझ्या अर्ध्याअधिक पानांवर तिचा एक हात तरी हललेला आहे, नाहीतर केसांची बट. दुसऱ्या कुणी ते फोटो टाकून दिले असते. यांनी नेमके तेच निवडले.

एका पानावर तिच्या चपलेची टाच हॉलच्या दारातल्या जाळीत अडकली आहे. ती एका पायावर उभी, दोन्ही हात नवऱ्याच्या पाठीवर. नवरा वाकून चपलेशी झटतोय आणि हसतोय. डोळे मिटलेले, तोंड सताड उघडं, आतला एक वाकडा दात स्पष्ट दिसतोय. आपला कुणी फोटो काढतंय हे त्याच्या गावीही नाही.

नमुना म्हणून एक प्रत ठेवू का, असं फोटोवाल्यांनी विचारलं तेव्हा खार म्हणाली होती, "ठेवा की! आम्ही घरी भांडत असलो तरी इथे आपले हसत राहू."

तशी मी कामाला लागलो.

माणसं मला कशी बघतात ते सांगतो. आया पहिल्यांदा पानाचा कोपरा दोन बोटांत धरून कागद किती जाड आहे ते चोळतात. बाप लोक पुठ्ठ्यावर टिचकी मारतात. लग्नाचे मुलगे एक पान बघून "मस्त आहे" म्हणतात आणि फोन काढतात. मुली मात्र वाकून बघतात. पण त्या नवरीला बघत नाहीत, तिच्या जागी स्वतःला बसवून बघतात. एक होऊ घातलेल्या सासूबाई टाचेच्या पानावर थबकल्या आणि म्हणाल्या, "मुलगी जरा जास्तच खिदळतेय." एक जोडपं माझ्यावरच कोपरं टेकवून भांडलं. पुढे त्यांचं काय झालं कोण जाणे, परत काही आलं नाही.

ही दोघं कोण, आता कशी आहेत, हे कुणी विचारलं नाही. विचारण्याचं कारणही नव्हतं. चपलांच्या दुकानात मांडलेल्या जोडाची ख्यालीखुशाली कुणी विचारतं का?

सुरुवातीला कुणी उघडलं की मला बरं वाटायचं. मग सवय झाली. मग त्या सवयीचंही काही वाटेनासं झालं. पायाला मुंग्या येतात आणि थोड्या वेळानं मुंग्याही कळत नाहीत, तसं. कुणी हात लावला काय, चहाचा थेंब सांडला काय, मला सारखंच. पुढे लोक फोनवर फोटो बघूनच यायला लागले आणि मी टेबलावरून कपाटात गेलो. त्याचंही मला दुःख झालं नाही. कपाटात काळोख होता आणि टेबलावर उजेड होता, एवढाच काय तो फरक.

एके दिवशी दुपारी एक बाई आली. चाळिशीकडे झुकलेली, खांद्यावर मोठी कापडी पिशवी, गळ्यात विसरून राहिलेली माप घ्यायची फीत. तिच्यामागून एक पुरुष आला. वाळलेला, डोक्यावर केस विरळ, दाढी वाढलेली. तो सरळ कोचाच्या डाव्या बाजूला बसला, आणि बसूनच राहिला. स्प्रिंग त्याला टोचतच नव्हती म्हणा ना.

"लग्न कुणाचं?" फोटोवाल्यांनी विचारलं.

"आमचंच," ती म्हणाली. "मोठं काही नाही. कचेरीत सह्या आणि मग चार माणसांचं जेवण. पण माझं पहिलंच लग्न आहे. मला फोटो पाहिजेत, आणि नीट पाहिजेत."

फोटोवाल्यांनी पडद्यावर फोटो दाखवायला सुरुवात केली. तिनं हातानंच थांबवलं.

"असे निवडक नकोत. एका लग्नाचं सगळं दाखवा. पहिल्यापासून शेवटपर्यंत, अगदी जेवणाच्या रांगेसकट."

"का हो?"

"मी कपडे दुरुस्त करते. गिऱ्हाईक आणतं तेव्हा कपडा बाहेरून इस्त्री केलेला असतो. मी उलटा करून शिवण बघते."

फोटोवाले खूश झाले. असं कुणी मागत नाही. ती पुढे विचारत होती, "त्या दिवशी तुम्ही स्वतः येणार, की दुसऱ्या कुणाला पाठवणार?"

"मीच."

"आणि आजारी पडलात तर?"

"तर माझा एक मित्र येईल. त्याचंही काम दाखवतो तुम्हाला."

"दाखवा," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि एक. ह्यांना हसा म्हणायचं नाही. तीन ठिकाणी जाऊन आलो. तिन्हीकडे ‘साहेब, जरा हसा’ सुरू झालं, आणि आम्ही उठलो."

"मी कुणालाच म्हणत नाही," फोटोवाले म्हणाले आणि कपाटाशी गेले. सगळं लग्न म्हणजे मीच. बाकीचे नमुने निवडक पानांचे होते. त्यांनी मला फडक्यानं पुसलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

तिनं पहिलं पान उलटलं. दुसरं उलटलं. तिसऱ्यावर तिचा हात थांबला. त्या पानावर नवरा पाठमोरा उभा आहे, मान किंचित वळवलेली. तिनं त्याला ओळखलं ते चेहऱ्यावरून नाही, मानेवरून. मापं घेणारीला माणसाची मान पाठ असते. तिनं कोचाकडे पाहिलं. तो दाराच्या बिजागरीकडे बघत बसला होता. तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं पान उलटलं.

फोटोवाले रंगात आले होते. "हे जोडपं मला अजून आठवतं बघा. नवरी एक क्षण उभी राहील तर शपथ. तिचे वडील तिला खार म्हणायचे. आता बहुतेक दोन पोरं असतील, आणि पोरांच्या मागे ही धावत असेल."

"नाही," कोचावरून आवाज आला.

फोटोवाले वळले.

"पोरं नाहीत," तो माणूस म्हणाला. "ती दुसऱ्याच वर्षी गेली." समोरून गेलेल्या बसचा नंबर सांगावा तशा आवाजात त्यानं हे सांगितलं.

फोटोवाल्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. दाढी, विरळ केस, आत गेलेले गाल, एकेक बाजूला सारत त्यांनी त्याला शोधलं. मग तो सापडला. टेबलावरच्या दोन पेन्सिली त्यांनी सरळ केल्या, मग पुन्हा वाकड्या केल्या.

"मला माहीत नव्हतं हो," ते म्हणाले.

"तुम्हाला कोण सांगणार? माझ्याही लक्षात नव्हतं, तेव्हाचे फोटोवाले तुम्हीच ते. जिना चढून वर येईपर्यंत कळलं नाही." तो उठला. "चला, निघू या."

"एक मिनिट," ती म्हणाली. "अर्धाच झालाय."

आणि तिनं मला शेवटपर्यंत बघितलं. टाचेचं पान बघितलं. जेवणाची रांग बघितली. रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्या एकावर एक रचणारी माणसं बघितली. कुठेही घाई केली नाही. खालून किल्ली घासल्याचा आवाज येत होता. मग तिनं मला मिटलं आणि फोटोवाल्यांना विचारलं, "पुढच्या महिन्यात मोकळे आहात का?"

"बाई, मी दुसऱ्या कुणाचं नाव देतो. चांगला माणूस आहे."

"का?"

"बरं दिसत नाही ते. लोक काय म्हणतील, त्याच माणसाला परत बोलावलं?"

तोवर तो जिना उतरून गेलाही होता. ती म्हणाली, "हा अल्बम चार दिवस नेऊ का? जपून आणते." फोटोवाल्यांनी मान हलवली. मी पिशवीत गेलो. इतक्या वर्षांत त्या खोलीच्या बाहेर पहिल्यांदाच पडत होतो. पिशवीत एक कात्री होती आणि कुणाची तरी उसवलेली पँट.

तिचं दुकान म्हणजे शिवणयंत्र, इस्त्रीचं टेबल, आणि भिंतभर खुंट्यांवर लटकणारे दुसऱ्यांचे कपडे. तिथे तिची थोरली बहीण हातशिलाईला बसते. सगळे तिला ताईच म्हणतात, गिऱ्हाइकंसुद्धा. ताईंनी मला उघडलं, दोन पानं बघितली आणि कपाळावर हात मारला.

"अगं, पहिल्या बायकोच्या लग्नातला फोटोवाला? उद्या म्हणशील, तिचेच कपडे आणा, मी आखूड करून घालते!"

"ताई, काम चांगलं आहे त्याचं."

"जगात दुसरे फोटोवाले मेलेत का? लोक काय म्हणतील?"

"लोक जेवायला येणार आहेत. जेवून जातील."

ताईंचा त्या माणसावर राग नव्हता. तो कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात, आणि हा घरी बसून दात बसवतो. दुकानात तो पहिल्यांदा आला तो पँट कमरेत आत घ्यायला. काही महिन्यांनी तीच पँट घेऊन परत आला, अजून आत घ्या म्हणून. तिसऱ्यांदा आला तेव्हा हिनं फीत लावली आणि म्हणाली, "आता शिवणीला जागा उरली नाही. पुढच्या वेळी येताना जेवून या." ताई हे सांगून सांगून हसायच्या. "दुसऱ्यांना हसायला दात करून देतो," त्या म्हणायच्या, "आणि स्वतःचे कुलपात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात आला. ताई दोरा आणायचं निमित्त काढून बाहेर गेल्या. मी इस्त्रीच्या टेबलावर होतो.

"परत नाही दिलात?" त्यानं विचारलं. दोघं अजून एकमेकांना अहो-जाहोच करत होती.

"नाही."

"मला तो फोटोवाला नको. दुसरा कुणीही चालेल."

"कारण सांगा. तिची आठवण येते म्हणून असेल तर मी आत्ता उठते आणि दुसरा शोधते. एक शब्द बोलणार नाही."

तो इस्त्रीच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "आठवण आली असती तर बरं झालं असतं."

त्यानं मला जवळ ओढलं आणि उघडलं. बोटांच्या पेरांत प्लास्टरची पांढरी भुकटी होती. टाचेच्या पानावर तो थांबला. मी आजवर पुष्कळ माणसांच्या नजरा बघितल्या, पण स्वतःला बघणारा माणूस पहिल्यांदाच बघत होतो. त्याच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही.

"बघा," तो म्हणाला. "मला काहीच होत नाहीये. हा कोणीतरी दुसरा माणूस आहे. बरा वाटतोय."

ती यंत्राशी बसून होती. तो पुढे सांगू लागला.

"त्या दिवशी सकाळी ती डोकं दुखतंय म्हणाली. मी म्हटलं, गोळी घे, एका आजोबांची कवळी द्यायचीय, ती देऊन येतो. आलो तोवर शेजारच्यांनी तिला दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांनी सांगितलं. मी काय म्हणालो माहीत आहे? ‘बरं.’ बाईंना वाटलं मला ऐकू आलं नाही. त्यांनी परत सांगितलं. मी परत ‘बरं’ म्हणालो. पुढे तिच्या आईनं आमचा अल्बम मागितला. बरं, न्या. जेवायला बसा, बरं. झोपा आता, बरं." तो थांबला. "तुम्ही लग्नाचं विचारलंत, तेव्हाही मी बरंच म्हणालो."

"मला माहीत आहे. मी समोरच होते."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी तुम्ही परत आलात. बोलावलं नव्हतं. हातात पँटही नव्हती."

त्यानं एक पान उलटलं, पुन्हा मागे घेतलं.

"मला भीती वेगळीच आहे," तो म्हणाला. "त्या दिवशीही मला काही वाटणार नाही. आणि हा माणूस ते बरोबर पकडेल. बाकीचे ‘हसा हसा’ करून काहीतरी भागवून नेतील. हा नाही नेणार. मग तो फोटो घरात राहील, आणि तुम्ही जन्मभर बघाल, की आपल्या लग्नात ह्याला काहीच वाटत नव्हतं."

खुंटीवरचा एक कोट वाऱ्यानं हलला. मी वाट बघत होतो, असं म्हणत नाही. पण पान उघडंच होतं, म्हणून सगळं ऐकू आलं.

"जन्मभर मी तुमच्यासमोर जेवायला बसणार आहे," ती म्हणाली. "चेहरा मला रोज दिसेलच की. फोटोत बघून नवीन काय कळणार?"

"तरी."

"तरी काय? बाकीच्यांना वाटतं, हा माणूस मुळातच असा. दगडासारखा. ह्या फोटोवाल्याला ठाऊक आहे तुम्ही कसे होतात. तुमच्याशी तो जपून वागेल." तिनं माझ्याकडे बोट केलं. "आणि हा चेहरा मला नकोय. हा तिच्या मापाचा होता. तिचा तिच्यापाशी राहू दे. मला माझ्या मापाचा पाहिजे, ढगळ असला तरी चालेल. पण हसू उसनं आणून दाखवलंत, तर मी सही न करता उठून जाईन, सांगून ठेवते."

तो ‘बरं’ म्हणाला नाही. म्हणाला, "मीच विचारून येतो त्यांना."

मला बगलेत धरून तो किल्लीवाल्याच्या दुकानावरचा तो जिना एकटाच चढला. फोटोवाले दिव्याची छत्री पुसत होते. त्याला बघून त्यांनी ती पुसायची थांबवली नाही.

"माझं मन होत नाही हो," ते म्हणाले. "त्या लग्नाला माझा हात लागला होता, असं आता वाटत राहतं."

"ती डोक्यातली शीर फुटून गेली," तो म्हणाला. "तुमच्या फोटोंनी गेली नाही. तुम्ही नसतात तर मी कधीकाळी असा होतो, हे माझं मलाही पटलं नसतं." तो कोचावर बसला. "याल का?"

फोटोवाल्यांनी छत्री मिटून कोपऱ्यात उभी केली. "येतो."

"एकच करा. मला काही विचारू नका. ते बुटाबिटाचं."

"नाही विचारणार. मी तिथे आहे हेही तुम्हाला कळणार नाही."

त्या लग्नाला मी नव्हतो. मला ते कळलं ते टेबलावर आलेल्या फोटोंवरून. फोटोवाले एकेक फोटो पसरत गेले आणि मी शेजारी पडून बघत राहिलो. कचेरीतलं लाकडी बाक. सह्या करताना पेन उमटत नाही म्हणून तळहातावर रेघा ओढणारी ती. ताई जेवताना रडतायत, आणि रडताना जेवतायत. तो सगळीकडे आहे, आणि एकाही फोटोत हसलेला नाही. कुठे तो पाण्याचा पेला धरून उभा आहे, कुठे कुणाचं तरी बोलणं ऐकतोय. आपण कुठल्या रांगेत उभे आहोत हे त्याला आठवत नसावं, असं वाटतं. ते लपवायचा प्रयत्न फोटोवाल्यांनी केला नाही. तेच दाखवत बसले, असंही नाही. जसा होता, तसा घेतला.

एक फोटो मात्र त्यांनी बराच वेळ हातात धरला. कचेरीबाहेरच्या पायऱ्या. त्याच्या नव्या कोटाच्या बाहीचा एक दोरा सुटला आहे. तिच्याजवळ कात्री नाही. ती वाकून तो दोरा दातांनी तोडते आहे, आणि तो वरून तिच्या भांगाकडे बघतो आहे. तोंड थोडं उघडं. त्या चेहऱ्याला काय म्हणतात मला माहीत नाही. माझ्या कुठल्याच पानावर तसा चेहरा नाही. फोटोवाल्यांनी तो मोठा करून पहिल्या पानावर लावला.

अल्बम न्यायला दोघं आली. तिनं बसायच्या आधीच उघडला, आणि पहिलं पान बघून कितीतरी वेळ दुसरं उलटलं नाही. मग सरळ त्यालाच विचारलं, "इथे तुम्हाला काही वाटत होतं का? खरं सांगा."

तो वाकला. फोटो बघत त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. फोटोवाले टेबलापलीकडे उभे होते.

"वाटत होतं," तो म्हणाला. "तुमचे दात लागतील म्हणून."

ती खो खो हसत सुटली. इतकी, की किल्लीवाल्यानं खाली काम थांबवलं. डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे वाटत होतं तर!"

तो हसला नाही. पण हात बाहीवर गेला, आणि ती जागा त्यानं अंगठ्यानं चोळली.

निघताना फोटोवाल्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ह्याचं काय करू? आता टेबलावर नाही मांडवत."

तो काही बोलायच्या आत तिनं मला उचललं होतं.

आता मी त्यांच्या घरी आहे. त्याच्या कामाच्या खोलीत एक फळी आहे, तिच्यावर लोकांच्या जबड्यांचे पांढरे साचे ओळीनं मांडलेले. पहिल्या दिवशी तिनं मला फळीखालच्या पेटीवर आडवं ठेवलं आणि माझ्यावर नवा अल्बम ठेवला. तो आला, बघितलं, आणि म्हणाला, "असं नको. खालच्यावर वजन पडेल. तू धर हे दोन्ही, मी जागा करतो." तिनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. आपण ‘तू’ म्हणालो हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्यानं एकेक साचा उतरवून खिडकीत नेऊन ठेवला. फळी पुसली. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहिलो.

माझ्या पाठीवरची ‘नमुना’ ही चिठ्ठी तिनं ओल्या फडक्यानं सोडवून काढली. तिथे फिकट चौकोन राहिला आहे. सोडवताना मला काही वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, अजूनही फारसं वाटत नाही.

तुम्ही कधी लग्नासाठी फोटोवाला निवडायला निघालात, तर कागद जरूर चोळून बघा, पुठ्ठ्यावर टिचकी मारा. एका लग्नाचं सगळं बघायला मागा. तो तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांशी कसा बोलतो, ते बघा. आणि नमुन्यातल्या माणसांकडे बघून एकदा विचारा, ही कोण, कशी आहेत. उत्तर काहीही येवो. विचारलेलं बरं.

मला स्वतःसाठी एवढंच मागायचंय, की मला उगीच उघडू नका. टाचेच्या पानासमोर दुसरं एक पान आहे, त्यावर नुसता खारीचा चेहरा आहे, थोडासा हललेला. मी मिटलेला असलो की तो चेहरा समोरच्या पानावर, त्याच्या हसणाऱ्या तोंडाला टेकून असतो. शेजारी नवा अल्बम आहे. खिडकीत साच्यांवर ऊन आलंय. राहू द्या.